उडती तबकडी फोडायची कशी? ट्रॅप आणि स्कीट, अगदी पहिल्यापासून

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२४ रोजी महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ही भारतीय जोडी स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदकासाठी चीनविरुद्ध खेळली आणि ४३-४४ अशी हरली. अंतर होतं फक्त एका तबकडीचं. चारच दिवस आधी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. त्या वेळी नीलिंग, प्रोन, स्टँडिंग हे शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचले. स्कीटचा सामना मात्र अनेकांनी काही कळेना म्हणून अर्ध्यात सोडला. बार होतो, हवेत काहीतरी नारिंगी फुटतं, गुण मिळतो किंवा मिळत नाही. यात बघायचं काय, हे समजावून सांगणारं कोणी नसतं.

ही अडचण खरी आहे, कारण ट्रॅप आणि स्कीट हे दोन्ही शॉटगनचे, म्हणजे छर्रे उडवणाऱ्या बंदुकीनं उडती तबकडी फोडण्याचे प्रकार, आणि शॉटगनचा खेळ रायफल-पिस्तुलाच्या खेळाहून मुळातच वेगळा आहे. रायफलचा नेमबाज श्वास रोखून स्वतःला जास्तीत जास्त स्थिर करतो. शॉटगनचा नेमबाज हलत्या वस्तूबरोबर स्वतःही हलतो आणि हलता हलताच बार काढतो. हा फरक एकदा लक्षात आला की पुढचं सगळं उलगडत जातं.

## फुटतं ते काय?

या लक्ष्याला इंग्रजीत मातीचं लक्ष्य म्हणतात, पण त्यात आता माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा काळा चिकट पदार्थ गरम करून साच्यात दाबला की ही तबकडी तयार होते. व्यास ११ सेंटीमीटर, उंची अडीच सेंटीमीटरच्या आसपास, वजन साधारण १०५ ग्रॅम. वरून भडक नारिंगी किंवा दुसरा उठून दिसणारा रंग. यंत्रातून भिरकावली जाताना बसणारा झटका तिनं सोसला पाहिजे, पण दोन-तीन छर्रे लागताच तिचे तुकडेही झाले पाहिजेत. इतका नेमका ठिसूळपणा साधणं ही कारखान्याची कसोटी असते.

यंत्रातून सुटताना तबकडी स्वतःभोवती गरगर फिरते, त्यामुळे हवेत कलंडत नाही. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये ती ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगानं निघते आणि कोणी फोडली नाही तर ७६ मीटरवर जाऊन पडते. नेमबाजाच्या हातात मात्र एक सेकंदही नसतो, कारण दर क्षणाला ती लांब जात असते आणि छर्रे विरळ होत असतात.

## आधी होती जिवंत कबुतरं

हा खेळ शिकारीतून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पेटीत कोंडलेलं कबुतर दोरी ओढून मोकळं करायचं आणि उडताच टिपायचं, अशा पैजा लागत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली. बेल्जियमचे लिआँ द लुंडेन २१ कबुतरं मारून पहिले आले आणि त्या स्पर्धेत एकूण जवळपास ३०० पक्षी मेले. ब्रिटननं पुढे १९२१ मध्ये कायदा करून हा प्रकार बंद केला.

पर्यायाचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेत कॅप्टन अॅडम बोगार्डस यांनी काचेचे पोकळ गोळे उडवणारी यंत्रं लोकप्रिय केली. काही गोळ्यांत पिसं भरलेली असत, म्हणजे गोळा फुटला की पक्षी लागल्याचा भास व्हावा. पण काचेचा खच मैदानभर पडे. मग सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी १८८० मध्ये भाजलेल्या मातीच्या चपट्या तबकडीचं पेटंट घेतलं. मुलं तळ्यात शिंपले भिरकावून पाण्यावर भाकऱ्या काढत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांच्या तबकड्या मात्र इतक्या टणक निघाल्या की छर्रा लागूनही काही नुसत्याच खणखणत. चुनखडीचं मिश्रण आलं तेव्हा ती अडचण सुटली.

या इतिहासाच्या खुणा मैदानावर अजून आहेत. नेमबाज तबकडीला आजही ‘बर्ड’ म्हणतात, आणि यंत्रातूनच फुटकी निघाली तर पंच ‘नो बर्ड’ असं ओरडतो. तिच्या जागी नवी मिळते. मला स्वतःला या खेळाचा हा प्रवास महत्त्वाचा वाटतो. कौशल्य तेच राहिलं, पण त्यासाठी जीव घेण्याची गरज उरली नाही.

## बंदूक वेगळी, काडतूस वेगळं

गावाकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. बोअर ठरवण्याची रीत जुनी आहे. एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा जिच्यात नेमका बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलीमीटर भरतो. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. ऑलिंपिकमध्ये बारा बोअरहून मोठी बंदूक चालत नाही.

रायफलच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात, त्यामुळे गोळी फिरत सरळ जाते. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, शिशाचे बारीक छर्रे असतात. नियमानुसार छऱ्यांचं वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम आणि प्रत्येक छऱ्याचा व्यास जास्तीत जास्त २.६ मिलीमीटर. २.४ मिलीमीटरचे छर्रे घेतले तर एका काडतुसात ते ३०० च्या आसपास बसतात. बंदुकीला बहुधा एकावर एक अशा दोन नळ्या असतात. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला ‘चोक’ म्हणतात. चोक जितका घट्ट, तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात.

## ट्रॅप: कुठून येईल ते माहीत, कुठे जाईल ते नाही

ट्रॅपमध्ये एका ओळीत पाच जागा असतात, त्यांना स्टेशन म्हणतात. त्यांच्यापुढे १५ मीटरवर जमिनीखाली खंदक असतो आणि त्यात १५ यंत्रं बसवलेली असतात, प्रत्येक स्टेशनसमोर तीन. नेमबाज बंदूक खांद्याला लावून तयार राहतो आणि हाक देतो. समोरचा माइक ती हाक पकडतो आणि त्याच क्षणी तीनपैकी एक यंत्र तबकडी सोडते. कोणतं यंत्र, हे संगणक ठरवतो. तबकडी सरळ जाईल, डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंत वळेल, उंच उठेल किंवा जमिनीलगत सुटेल. ती नेहमी नेमबाजापासून दूरच जाते.

सहा जणांचा गट पाळीपाळीनं सगळ्या स्टेशनांवरून फिरतो. एका राउंडमध्ये प्रत्येकाला २५ तबकड्या मिळतात: १० डावीकडच्या, १० उजवीकडच्या, ५ सरळ. क्रम कोणता ते आधी कळत नाही, पण वाटणी सगळ्यांना सारखी, म्हणून नशिबाला फारसा वाव राहत नाही. पात्रता फेरीत प्रत्येक तबकडीवर दोन बार काढता येतात, अंतिम फेरीत एकच.

पूर्वी डबल ट्रॅप असाही प्रकार होता, त्यात एकाच वेळी दोन तबकड्या सुटत. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंग राठोड यांनी त्यातच रौप्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक रौप्य. २०१६ च्या रिओनंतर डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून गेला आणि मिश्र सांघिक प्रकार आले.

## स्कीट: रस्ता माहीत, वेळ माहीत नाही

स्कीटचा डाव याच्या उलट. मैदानाच्या दोन टोकांना दोन खोल्या. डावीकडच्या उंच खोलीतून तबकडी तीन मीटरवरून सुटते, उजवीकडच्या बुटक्या खोलीतून एक मीटरवरून. दोघींचे मार्ग ठरलेले, त्यात बदल नाही. नेमबाज अर्धवर्तुळावरच्या सात स्टेशनांवरून आणि मग दोन खोल्यांच्या मधल्या आठव्या स्टेशनवरून बार काढतो. त्यामुळे तीच तबकडी कधी समोरून अंगावर येते, कधी आडवी जाते, कधी पाठीकडून पुढे निघते. काही वेळा दोन्ही खोल्यांतून एकदम दोन येतात. प्रत्येकीवर एकच बार.

मार्ग माहीत असूनही हे अवघड जातं, कारण दोन अटी आहेत. हाक दिल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही सुटेल. आणि ती दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, कमरेजवळ खाली ठेवावा लागतो. जॅकेटवर त्यासाठी एक पट्टी शिवलेली असते, दस्ता तिच्या वर गेला तर पंच हटकतो. म्हणजे तबकडी दिसली की बंदूक वर आणायची, गाल टेकवायचा, तिला गाठायचं, पुढे जायचं आणि चाप ओढायचा. आणि बऱ्याचदा त्याच दमात दुसऱ्या तबकडीकडे वळायचं.

हा प्रकार अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी १९२० च्या आसपास घडत गेला. चार्ल्स डेव्हिस आणि त्यांच्याबरोबरचे लोक शिकारीचा सराव म्हणून पूर्ण वर्तुळात फिरत नेम धरत. पुढे शेजारच्या जागेत कोंबड्या पाळायला सुरुवात झाली. छर्रे त्या बाजूला जाऊ नयेत म्हणून वर्तुळ निम्मं केलं आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक यंत्र लावलं. आजचं अर्धवर्तुळ असं जन्मलं. १९६८ मध्ये मेक्सिकोत स्कीट ऑलिंपिकमध्ये आलं.

डोंगरउतार, झाडी, ओढा अशा मोकळ्या जागी निरनिराळ्या कोनांतून तबकड्या सोडणारा ‘स्पोर्टिंग’ हा तिसरा प्रकार ब्रिटन-अमेरिकेत खूप खेळला जातो, पण तो ऑलिंपिकमध्ये नाही.

## तबकडीवर नेम धरला तर ती चुकते

आता खेळाच्या गाभ्याकडे येऊ. रंगपंचमीला पळणाऱ्या मित्रावर पाण्याचा फुगा मारताना आपण तो जिथे आहे तिथे फेकत नाही. फुगा पोचेपर्यंत तो जिथे असेल, त्या जागी फेकतो. किती पुढे, हे कोणी मोजत नाही. त्याच्या धावण्याकडे बघता बघता हात आपोआप तितका पुढे जातो.

स्कीटमध्ये हेच आकड्यांत मांडून बघू. तबकड्यांचे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू अर्धवर्तुळावरच्या स्टेशनांपासून साधारण १९ मीटरवर असतो. छर्रे सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगानं निघतात, पण हवेत लगेच मंदावतात. हे अंतर कापायला त्यांना सेकंदाचा विसावा हिस्सा किंवा किंचित अधिक वेळ लागतो. तबकडी सेकंदाला २० मीटर आडवी जात असेल तर तेवढ्यात ती एक मीटरहून थोडी जास्त सरकते. म्हणजे मधल्या स्टेशनवरून बार तिच्या पुढे मीटरभर रिकाम्या हवेत काढावा लागतो. या अंतराला नेमबाज ‘लीड’ म्हणतात. टोकाच्या स्टेशनवर तबकडी जवळजवळ आपल्याच रेषेत जाते, तिथे लीड फारच कमी. प्रत्येक स्टेशनचं गणित निराळं.

पण नेमबाज हे गणित मैदानावर करत नाही, आणि करूही नये. नळीचं टोक आणि तबकडी यांतलं अंतर तपासायला नजर नळीवर गेली की बंदूक क्षणभर थबकते, आणि बार तबकडीच्या मागे जातो. नव्या नेमबाजांच्या बहुतेक चुका अशाच मागे राहिलेल्या बारांच्या असतात. म्हणून प्रशिक्षक एकच गोष्ट घोकून घेतात: डोळे तबकडीवर, तिच्या पुढच्या कडेवर, आणि चाप ओढल्यावरही बंदूक फिरती राहू द्या. बारानंतर चालू राहणाऱ्या या हालचालीला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात.

## डोळा आणि गाल

रायफलला मागे-पुढे दोन साइट, म्हणजे नेम जुळवायच्या खुणा, असतात. शॉटगनला पुढच्या टोकाला फक्त एक मणी. मागची साइट म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. त्यामुळे गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकायला हवा. फुटलेली तबकडी बघण्याच्या उत्सुकतेत बार सुटण्याआधीच गाल जरासा उचलला गेला, तर डोळा वर गेला, म्हणजे मागची साइटच वर गेली. छर्रे तबकडीच्या वरून जातात. दस्त्याची लांबी आणि उंची प्रत्येकाच्या मानेच्या, खांद्याच्या, गालाच्या मापाप्रमाणे बसवून घेतात ती याचसाठी.

दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असतात, कारण अंतराचा आणि वेगाचा अंदाज दोन डोळ्यांनी चांगला येतो. पण दोहोंपैकी एक डोळा प्रबळ असतो. घरी तपासून बघा. हात लांब करून अंगठा दूरच्या एखाद्या दिव्यावर धरा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा दिव्यावरच दिसतो, तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ निघाला तर नळी भलत्याच रेषेत दिसते. मग काही जण खांदा बदलतात, काही जण चष्म्याच्या त्या काचेवर छोटीशी पट्टी चिकटवतात.

## ‘तीनशे छर्रे असतील तर कोणीही फोडेल!’

हा आक्षेप हमखास येतो आणि वरवर बरोबरही वाटतो. थोडा हिशेब करून बघू. ट्रॅपमध्ये पहिला बार साधारण ३० ते ३५ मीटरवर तबकडी गाठतो. तिथे घट्ट चोकमधून निघालेल्या छऱ्यांपैकी समजा ७० टक्के, म्हणजे सुमारे २१०, पाऊण मीटर व्यासाच्या वर्तुळात आहेत. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे २१ चौरस सेंटीमीटरला एक छर्रा. आणि दूर जाणारी तबकडी नेमबाजाला पूर्ण गोल दिसत नाही, तिची कड दिसते: ११ गुणिले अडीच, सुमारे २७ चौरस सेंटीमीटर. सरासरी एखाद-दीड छराच तिच्या वाट्याला येतो.

शिवाय छर्रे सारखे पसरत नाहीत. मध्यावर दाट, कडेला विरळ. तबकडी वर्तुळाच्या कडेला सापडली तर ती दोन छऱ्यांच्या मधून सहीसलामत निसटू शकते. मधोमध सापडली तरच तिचा धूर होतो. म्हणजे पाऊण मीटरचं वर्तुळ हातात असलं तरी खरी भरवशाची जागा त्याहून बरीच लहान, आणि ती वेगानं पळणाऱ्या लक्ष्याच्या नेमक्या वाटेवर आणून ठेवायची असते. दुसरा बार काढेपर्यंत तबकडी ४० मीटरपलीकडे गेलेली असते.

गुण देण्याचा नियमही कडक आहे. तबकडीचा निदान एक तुकडा उडालेला पंचाला दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली आणि तबकडी अखंड पुढे गेली, तर शून्य. अंतिम फेरीत तबकडीत रंगीत भुकटी भरतात, त्यामुळे फुटताच रंगाचा ढग दिसतो.

## १२५ पैकी १२० म्हणजे उत्तमच ना?

परीक्षेत हे ९६ टक्के झाले. या खेळात मात्र त्यावर अंतिम फेरीची खात्री देता येत नाही. पात्रता फेरीत २५ तबकड्यांचे पाच राउंड, बहुधा दोन दिवसांत. जगातल्या अव्वल नेमबाजांनी १२५ पैकी १२५ फोडलेल्या आहेत. त्यामुळे इथे मोजदाद फोडलेल्यांची नसते, हुकलेल्यांची असते. तिसऱ्या राउंडमध्ये दुसरी तबकडी हुकली, की पुढच्या ७३ तबकड्या ती आठवण बाजूला ठेवून मारायच्या.

पॅरिसमध्ये पात्रता फेरीत महेश्वरी-नरुका आणि चीनची जोडी दोघांचेही १५० पैकी १४६ गुण होते. कांस्यपदकाच्या लढतीत प्रत्येक जोडीला ४८ तबकड्या. आपल्या जोडीच्या ५ हुकल्या, त्यांच्या ४. पराभव हा शब्द बरोबर असला तरी या पातळीवर दोन जोड्यांत कौशल्याचा फरक शोधू नये, असं माझं मत आहे.

वैयक्तिक अंतिम फेरीत सगळे शून्यापासून सुरू करतात आणि मागे पडणारा एकेक जण बाहेर पडत जातो. पात्रतेत पहिला आलेलाही शेवटचा ठरू शकतो.

## ‘बंदूक चालवायला कसली तंदुरुस्ती?’

साडेतीन किलोहून जड बंदूक दिवसाला शंभर-दीडशे वेळा खांद्याला लावायची आणि तितकेच धक्के सोसायचे. पाठ, मान आणि पाय भक्कम लागतात. पण ताकदीपेक्षा डोळा आणि मन जास्त कामी येतं, म्हणून वय फार आड येत नाही. कुवेतचे अब्दुल्ला अल-रशिदी यांनी टोकियोत स्कीटचं कांस्य मिळवलं तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. अमेरिकेच्या किम रोडनं १९९६ ते २०१६ अशा सलग सहा ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदकं मिळवली.

स्त्री-पुरुष फरकाबद्दलही एक घटना ठाऊक असायला हवी. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट सर्वांना खुलं होतं. चीनच्या झांग शाननं प्राथमिक फेऱ्यांत २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. त्यानंतर स्पर्धा वेगळ्या झाल्या. १९९६ मध्ये तर महिलांचं स्कीट नव्हतंच, म्हणजे गतविजेतीला पदक राखण्याची संधीच मिळाली नाही. महिलांचं स्कीट २००० मध्ये सिडनीत आलं. आज दोघांनाही १२५ तबकड्या, तेच अंतर, तेच २४ ग्रॅमचं काडतूस आहे.

## ‘हा राजेरजवाड्यांचा खेळ’

भारतापुरतं बोलायचं तर सुरुवात तशीच झाली. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचं रौप्य मिळवलं. दिल्लीतल्या तुघलकाबादच्या रेंजला त्यांचंच नाव आहे. पुढे पंजाबच्या मानवजितसिंग संधूनं २००६ मध्ये ट्रॅपचं जागतिक विजेतेपद जिंकलं, अंकुर मित्तलनं २०१८ मध्ये डबल ट्रॅपचं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या ट्रॅप संघानं सुवर्ण मिळवलं.

खर्चाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. एअर रायफलचा छरा स्वस्त असतो आणि कागदाचं लक्ष्यही. ट्रॅपमध्ये प्रत्येक बाराला एक काडतूस जळतं, प्रत्येक लक्ष्य फुटून संपतं. एका स्पर्धेच्या पात्रतेतच १२५ तबकड्या, काडतुसं २५० पर्यंत. ही फक्त स्पर्धा झाली, वर्षभराचा सराव याच्या कितीतरी पट. चांगली बंदूक परदेशी, स्पर्धेच्या दर्जाची काडतुसंही बरीचशी परदेशातूनच येतात.

दुसरी अडचण जागेची, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत मला तीच मोठी वाटते. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे: आपली सगळी मोठी नावं रायफल-पिस्तुलातली आहेत. १० मीटरची रेंज शाळेच्या हॉलमध्ये बसते. शॉटगनचे बारीक छर्रे मात्र २०० मीटरपर्यंत जाऊन पडतात, म्हणून रेंजपुढे त्याहून अधिक मोकळी, निर्मनुष्य जमीन राखावी लागते. मुंबई-पुण्याजवळ एवढी जमीन खेळासाठी मोकळी मिळणं कठीण. राजस्थान आणि पंजाबात ती मिळाली, घरात बंदुका होत्या, आणि खेळ तिथे रुजला. इथल्या मुलांत हे कौशल्य नाही असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

पैसा आणि मोठा देश यांशिवाय काही होत नाही, असंही नाही. ३४ हजारांच्या आसपास वस्तीच्या सान मारिनोला त्याचं पहिलं ऑलिंपिक पदक आलेसांड्रा पेरिल्लीनं टोकियोत ट्रॅपमध्येच मिळवून दिलं. ग्वाटेमालाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण पॅरिसमध्ये आलं, तेही महिलांच्या ट्रॅपमध्ये. ते जिंकणारी आद्रियाना रुआनो आधी जिम्नॅस्ट होती. पाठीच्या दुखापतीनं तो खेळ सुटला आणि ती नेमबाजीकडे वळली.

## आणि ते सगळं शिसं जातं कुठे?

हा प्रश्न मला सर्वात गंभीर वाटतो. एका बाराला २४ ग्रॅम शिसं, हजार बारांना २४ किलो. वर्षानुवर्षं ते एकाच पट्ट्यात पडत राहतं. शिसं विषारी आहे. पक्षी दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्याबरोबर छर्रेही गिळतात आणि मरतात. आम्लधर्मी मातीत शिसं विरघळून पाण्यातही उतरू शकतं. डांबरी मिश्रणाच्या तबकड्यांचे तुकडेही निरुपद्रवी नसतात.

उपाय आहेत. पाणथळ जागेपासून रेंज दूर ठेवणं, मातीत चुना मिसळून तिची आम्लता कमी करणं, ठरावीक वर्षांनी वरचा थर चाळून शिसं परत मिळवणं, कमी घातक मिश्रणाच्या तबकड्या वापरणं. पोलादी छर्रे हा आणखी एक मार्ग आहे. ते शिशापेक्षा हलके असल्यानं लवकर मंदावतात, म्हणून नेमबाज नाखूश असतात. युरोपीय संघानं पाणथळ भागांत शिशाच्या छऱ्यांवर फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आणली आहे. पुढेमागे स्पर्धांनाही शिसं सोडावं लागेल आणि ते सोडावं, असं मला वाटतं. सगळ्यांनाच सारखे पोलादी छर्रे दिले तर चुरस जराही कमी होणार नाही.

सुरक्षेचं चित्र जास्त दिलासादायक आहे. स्टेशनवर पाळी येईपर्यंत दुनळी मधून मोडलेली, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडी ठेवायची असते. त्यामुळे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. काडतूस स्टेशनवर उभं राहिल्यावरच भरायचं. कान आणि डोळे झाकल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही.

## शिकायचं असेल तर

स्वतःची बंदूक घेण्याची घाई करू नका. परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि त्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान मुलांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करण्याची वेगळी तरतूद आहे. आधी राज्य रायफल संघटनेशी संलग्न क्लबकडे चौकशी करा, क्लबच्या बंदुकीवर काही राउंड खेळा, प्रबळ डोळा आणि दस्त्याचं माप प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. पुढचा रस्ता राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जातो. त्यातल्या पात्रता स्पर्धेला गेली अनेक वर्षं जी. व्ही. मावळंकर यांचं नाव आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनीच १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली.

आणि नुसतं बघायचं असेल तर पुढच्या स्पर्धेत फुटणाऱ्या तबकडीऐवजी नेमबाजाकडे लक्ष द्या. ट्रॅपमध्ये हाक देण्याआधी त्याची नजर खंदकाच्या कडेपलीकडे कुठे टेकलेली आहे ते बघा. स्कीटमध्ये कमरेपासून खांद्यापर्यंत बंदूक किती शांतपणे वर येते ते बघा. बार झाल्यावर गाल दस्त्यावर टिकला की उचलला गेला, आणि नळी फिरत राहिली की थांबली, हेही दिसेल. दोन-तीन राउंड असे पाहिलेत की कोणती तबकडी हुकणार, याचा अंदाज ती हुकण्याआधीच येऊ लागतो.